फक्कीच्या रेघांतलं घर : सोलापूरच्या २८८ घरांच्या प्रकल्प नोंदी

२ सप्टेंबर २०२४, सोमवार

या प्रकल्पाची आर्किटेक्ट म्हणून साइट पाहून आले. सोलापूरच्या बाहेर, चारी बाजूंनी काळी माती. पावसाची उघडीप होती तरी बुटाला किलोभर चिखल. विडी कामगार बायकांची सहकारी संस्था, २८८ घरं, प्रत्येक घर ३० चौरस मीटर चटईक्षेत्राचं. पंतप्रधान आवास योजनेतले घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. बाकीचे बायकांचे स्वतःचे, म्हणजे बचत आणि कर्ज.

सोलापूरला विडी कामगारांची घरं बांधायचा अनुभव आहे. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, १०,००० घरं, २००६ साली ताब्यात दिली. त्याच भागात रे नगर, एकूण ३०,००० घरांचं. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं वाटप यंदा १९ जानेवारीला झालं. त्यामुळे संस्थेच्या बायकांना सल्ला लागत नाही, त्या प्रश्न विचारतात. पहिल्याच बैठकीत एकीने विचारलं, "जुन्या नकाशात काय वाईट आहे ते सांगा आधी."

जुना नकाशा वाईट नाही. तळ अधिक तीन मजले, १६ घरांची एक इमारत, अशा १८ इमारती. मधोमध जिना, प्रत्येक मजल्यावर चार दारं. या उंचीला लिफ्टची सक्ती नाही, म्हणून लिफ्ट नाही. शेवटच्या पानावर एक ओळ : "दिव्यांगांसाठी तळमजल्यावर १५ घरे." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे घरवाटपात ५ टक्के आरक्षण, २८८चे ५ टक्के १४.४, म्हणून १५. हिशेब चोख आहे. ही १५ घरं बाकीच्या २७३ घरांपेक्षा वेगळी कशी, हे मात्र नकाशात शोधून सापडलं नाही. तेच दार, तोच संडास.

५ सप्टेंबर

तळमजला म्हणजे सोयीचा, हे आपण किती सहज धरून चालतो! काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, पाणी साचतं. त्यामुळे जोतं ६०० मिलिमीटर उचललेलं. म्हणजे तळमजल्याच्या दारापर्यंत चार पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२चा उतार (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) धरला तर ७.२ मीटर लांबी, वर-खाली दीड-दीड मीटरची सपाटी, असे दहा मीटर. अठरा इमारतींना अठरा उतार. जुन्या नकाशात एकही नाही.

पर्याय : उतार इमारतीला चिकटवायचाच नाही. आतला रस्ताच हळूहळू, १:२०ने वर चढवत जोत्याच्या पातळीला आणायचा. मग चालणारा, सायकल ढकलणारा, पाण्याची घागर नेणारी, सगळ्यांची वाट एकच. अडचण अशी की पायाची खोदलेली काळी माती भरावाला चालत नाही, मुरूम विकत आणावा लागेल. दुसरी अडचण पावसाची : रस्ता आणि जोतं एका पातळीला आले की पाणी सरळ दारात. दारापुढे आडवी जाळीची गटार हवी, आणि जाळीच्या फटी चाकाच्या दिशेला आडव्या. उभ्या ठेवल्या तर खुर्चीचं पुढचं छोटं चाक नेमकं तिथेच रुतणार.

११ सप्टेंबर

गणपतीत अर्धं ऑफिस रजेवर, तेवढीच शांतता. लिफ्टचं गणित मांडलं.

१६ घरांमागे एक लिफ्ट कधीच परवडणार नाही. बसवायचे पैसे एकदाच जातात. देखभाल, वीज आणि मेकॅनिकची फेरी दर महिन्याला. विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या १६ घरांवर हे टाकायचं म्हणजे सहा महिन्यांत लिफ्ट बंद आणि शाफ्टमध्ये कचरा. "शाफ्ट आत्ता बांधून ठेवू, लिफ्ट पुढे बसवू" ही सूचना आमच्याच ऑफिसात आली. शाफ्टात सायकली आणि मोडके पलंग भरलेले मी पाहिलेत. नको.

मग इमारतच बदलून पाहिली. चार कोपऱ्यांत चार घरं आणि मधे जिना हे सोडून, एका रांगेत १२ घरं आणि समोर गॅलरी. चार मजल्यांची ४८ घरं. दोन जिने, एक लिफ्ट. अशा सहा इमारती. आधी १८ जिने होते, आता १२. सहा जिने वाचले, सहा लिफ्ट आल्या. लिफ्टचा महिन्याचा खर्च १६ ऐवजी ४८ घरांत वाटला जातो. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात घराला दोन्ही बाजूंनी वारा.

थोडक्यात, चाळ. मुंबईच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या : १६० चौरस फुटांची खोली, समाईक संडास. त्या खोल्यांबद्दल मला कसलीही हळहळ नाही. पण घराबाहेर बसायला, भाजी निवडायला, शेजारणीच्या पोरावर नजर ठेवायला जी समाईक जागा असते, ती टाकून देण्यात आपण घाई केली असं माझं मत.

१९ सप्टेंबर

स्ट्रक्चरवाले काका फोनवर हसले. "साठ मीटर लांब इमारत? पंचेचाळीसच्या वर गेलीस की जोड द्यावा लागेल." म्हणजे इमारत मधोमध दोन भागांत, मधे प्रसरणाची फट, आणि ती फट गॅलरीच्या फरशीतून जाणार. वर पट्टी बसते, पण साधारण ती एका कडेला उचललेली असते, पाय अडखळतो. तपशील वेगळा काढायला घेतला : पट्टी फरशीत बुडवलेली, एका बाजूला स्क्रू, दुसरी बाजू मोकळी. कागदावर दोन सेंटिमीटरचं काम, त्याला अख्खी दुपार गेली.

काकांनी वर हेही सांगितलं की २८८ सारखी घरं म्हटल्यावर ठेकेदार मिवान शटरिंग मागणार. ॲल्युमिनियमचे साचे, भिंती आणि स्लॅब एकदम ओतायचे. म्हणजे विटांची भिंत नाहीच, सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या. नंतर दार रुंद करू म्हणायची सोय संपली. दाराची रुंदी, स्विचची उंची, नळाची जागा, सगळं साचे मागवायच्या आधी पक्कं. एरवी मला ही पद्धत आवडत नाही. यावेळी मात्र तिचा धाक उपयोगी पडेल असं वाटतंय : जे ठरेल ते २८८च्या २८८ घरांत जाईल.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

ओट्याची उंची ८०० मिलिमीटर (पुढची मापंही मिलिमीटरमध्ये), त्यातला एक खण खालून मोकळा. स्विच १०५०वर, प्लग ४५०वर. मुख्य दार मोकळं ९००. यात कुणाचा वाद नाही, खर्चही जवळपास नाही. जिन्याची पायरी १५० उंच, ३०० रुंद करायची होती. लांबी बसेना, १६० आणि २८०वर थांबले. कडेला पिवळी पट्टी, कठड्याला ७०० आणि ९००वर दोन दांडे.

वाद आहे तो संडास-बाथरूमचा.

१० ऑक्टोबर

संस्थेच्या पटांगणात फक्कीने घर आखलं. खऱ्या मापाचं. दोरी, खुंट्या आणि पांढरी रेघ. दार जिथे, तिथे रेघ तोडलेली. चाकाची खुर्ची एका दवाखान्यातून दिवसभरासाठी मागून आणली. पन्नासेक बायका जमल्या, काही जणी सूप मांडीवर घेऊनच. बोलता बोलता हात चालूच : पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा.

बायकांमध्ये एक अक्का होत्या. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांच्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून दोघी जणी धरून संडासाला नेतात. प्रमाणपत्र काढलेलं नाही, त्यामुळे १५ घरांच्या यादीत त्या बसत नाहीत. अक्कांनी सासूबाईंना रिक्षाने आणलं आणि खुर्चीत बसवलं. मुलगा खुर्ची ढकलत फक्कीच्या घरात शिरला.

मुख्य दारातून सहज. खोलीतून सहज. बाथरूमच्या दाराला चाक रेघेवर गेलं आणि मग पुढे ते चाक जिथे जिथे फिरलं तिथे पांढरा माग उमटत गेला. वळताना बाथरूमची भिंत ओलांडून तो माग संडासात गेला, तिथून बाहेर आला, परत भिंतीवरून आत. कुणाला काही सांगावं लागलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "हे बघा, हितं भिंत पाडून गेली बाई."

मी बेत दाखवला : संडास-बाथरूम एकत्र करायचं, मधली भिंत नको. एकदम गलका. सहा माणसांच्या घरात एक आंघोळ करतंय तर दुसऱ्याने काय करायचं? सकाळी शाळा, कामाला जायची घाई. वेगवेगळंच पाहिजे. त्यांचं बरोबर आहे. मी गप्प बसले.

मग अक्का उठल्या आणि बाथरूमच्या रेघेत उभ्या राहिल्या. "मॅडम, पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. हितं दोन ड्रम राहणार. मग माणूस कुठं उभारायचा?"

तीन आठवडे मी खुर्ची गोल फिरायला लागणारं दीड मीटरचं वर्तुळ काढत होते. त्यात दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम आहेत हे माझ्या एकाही नकाशात नव्हतं.

१४ ऑक्टोबर

दोन दिवस फक्त हेच. आत्ता जे जमलंय ते असं.

संडास ९०० रुंद, बाथरूम १२०० रुंद, दोन्ही १५०० खोल, मधे १०० जाडीची भिंत. एकूण २२०० बाय १५००. मधली भिंत मिवानच्या साच्यातून वगळायची आणि हलक्या ब्लॉकची बांधायची. तिच्यात नळ नाही, वायर नाही, भार नाही. दोन्हीकडच्या लाद्या एका पातळीला, आणि पाणी अडवणारा थर भिंतीखालून सलग. उद्या घरात कुणाला गरज पडली तर एक गवंडी एका दिवसात भिंत काढेल. खाली तोडफोड नाही, गळती नाही. बाथरूमचं दार आजपासूनच मोकळं ९००चं. संडासाचं ७५०चं, ते पुढे बंद करता येईल.

खुर्ची पूर्ण गोल फिरत नाही, हे लिहून ठेवते. आत जाते, भांड्याशेजारी लागते आणि मागे मागे बाहेर येते. पुस्तकातलं वर्तुळ ३० चौरस मीटरच्या घरात बसवायचं तर स्वयंपाकघर कापावं लागतं, ते मी करणार नाही.

संडासाचं भांडं काँक्रीटच्या भिंतीकडे, ब्लॉकच्या भिंतीकडे नाही. पकडायचा दांडा ब्लॉकमध्ये टिकत नाही, महिन्याभरात हातात येतो. काँक्रीटमध्ये कुठेही बसतो. फक्त ६५० ते ८५० या उंचीच्या पट्ट्यात विजेचे पाइप न्यायचे नाहीत, म्हणजे पुढे कुणी ड्रिल मारलं तर वायर तुटणार नाही. इलेक्ट्रिकलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं.

ड्रम धुण्याच्या बाल्कनीत : १३०० लांब, ६५० खोल कोनाडा, वर नळ, शेजारी बाथरूमकडे जाणारी तोटी. खुर्चीतल्या माणसाच्या हाताला येईल अशी.

भारतीय भांडं की कमोड, यावर संस्थेने घरोघर विचारायचं ठरवलंय. लादीखालच्या खड्ड्याची खोली आणि बाहेर जाणाऱ्या पाइपची जागा अशी ठेवतेय की पुढे बदलायचं तर पाइप हलवायला नको.

१६ ऑक्टोबर

काल निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता. मंजुरीची फाइल आता नोव्हेंबरअखेरपर्यंत हलणार नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला पूर्ण दिवस. ८ तारखेला राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलाय, तो वाचला. सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून केलेली याचिका २००५ची. दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियम मात्र मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतो, जी पाळली काय, न पाळली काय. तीन महिन्यांत किमान बंधनकारक निकष वेगळे काढा असं केंद्राला सांगितलंय.

आमच्या ठेकेदाराने गेल्याच महिन्यात विचारलं होतं, "हे सगळं कंपल्सरी आहे का मॅडम, की तुमची आवड?" निकालाची प्रत त्याला पाठवली. उत्तर म्हणून हात जोडलेलं चित्र आलं.

३ डिसेंबर, दिव्यांग दिन

संस्थेची सभा, लिफ्टवर. ठेकेदाराचा प्रस्ताव आठ माणसांची लिफ्ट, दार ८००. मी तेरा माणसांची मागतेय : आतून २००० रुंद, ११०० खोल, दार ९००. खुर्ची आणि सोबत माणूस, वेळ पडली तर स्ट्रेचरही. आठवाली स्वस्त आहेच. पण स्ट्रेचर जात नाही म्हटल्यावर सभागृहात शांतता झाली. चादरीत घालून जिन्याने उतरवलेला माणूस प्रत्येकीने पाहिलाय.

महिन्याच्या खर्चावर दीड तास. "तळमजल्याने का भरायचं?" हा प्रश्न येणार हे माहीत होतं. उत्तर माझ्याआधी खजिनदार बाईंनी दिलं : टाकी गच्चीवर आहे, तिचा पंप सगळे भरतात ना? तेरावाली मंजूर. सुरुवातीलाच प्रत्येकीने ठरावीक रक्कम ठेव म्हणून भरायची, तिच्या व्याजातून देखभाल. ते पुरेल का, याची मला खात्री नाही. तसं सभेत सांगितलं.

मग सचिवांनी विचारलं, दिव्यांगांची १५ घरं तळमजल्यालाच ठेवायची ना? योजनेच्या सूचनांतही खालच्या मजल्यांना प्राधान्य द्या असंच आहे. मी म्हटलं, ज्याला हवं त्याला आधी विचारा. अक्का मागून म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना वरचं बी चालंल. वारं येतंय."

१७ जानेवारी २०२५

गॅलरीची रुंदी पुन्हा वर आली. ठेकेदार १२००वर अडलाय. साइटवर अक्कांनाच बसायला सांगितलं, भिंतीला पाठ, मांडीवर सूप, शेजारी पानांची टोपली. गुडघ्यापर्यंत ८००. उरले ४००. खुर्ची सोडा, पाण्याची बादली घेऊन कुणी जाऊ शकणार नाही. १८०० केली. गॅलरी उत्तरेला ठेवलीय, विडी वळायला दिवसभर सावलीतला उजेड मिळतो. दक्षिणेच्या खिडक्यांना छज्जा वाढवला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या त्या बायकांनी उंबऱ्याचा विषय काढला. उंबरा नसलेलं घर? पूजा कशाची करायची, रांगोळीची रेघ कशावर? मी आधी "चाक अडतं" एवढंच म्हणत राहिले, ते चुकलंच. काळ्या कडप्प्याची पट्टी दारात बसवतोय, १२ मिलिमीटर वर, दोन्ही कडा तासलेल्या. रांगोळी तिच्या बाहेर. एक मावशी नाक मुरडून म्हणाल्या, "उंबरा नाही, उंबऱ्याचा फोटो आहे." पण चालेल म्हणाल्या.

२४ मार्च

नमुन्याची दोन घरं उभी राहिली, एकमेकांच्या आरशासारखी.

आधी माझी चूक. दारांच्या यादीत बाथरूमची सगळी २८८ दारं उजव्या हाताची लिहिलीत. नकाशात डावी-उजवी बरोबर आहेत, यादीत नाहीत, आणि चौकटी यादीवरून बनतात. डाव्या घरात दार बाहेर उघडलं की थेट धुण्याच्या बाल्कनीची वाट बंद. दार बाहेर उघडायचं हा माझाच हट्ट, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. साइटवरचा इंजिनिअर पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम, हे असंच ठेवायचं का?" १४४ चौकटींची ऑर्डर सुदैवाने अजून गेली नव्हती.

मग पाण्याची चाचणी. बाथरूमला नेहमीसारखा दगडी कट्टा नाही, फक्त उतार आणि दाराशी लांबट जाळी. गवंडीकाका पहिल्या दिवसापासून म्हणतायत, पाणी बाहेर येणार. त्यांनाच बादली दिली. पहिली बादली हळू ओतली, पाणी जाळीत गेलं. "असं कोण आंघोळ करतं?" म्हणाले, आणि दुसरी एकदम उपडी केली. पाणी जाळी ओलांडून खोलीच्या लादीवर वीतभर आलं, थांबलं. काका माझ्याकडे बघतायत, मी पाण्याकडे. खाली बसून लेव्हल लावली : जाळीच्या अलीकडची शेवटची लादी तीन मिलिमीटर वर राहिली होती, पाणी तिच्यावरून उडी मारून गेलं. काकांनी तीच लादी काढली, परत बसवली, उद्या सुकल्यावर पुन्हा दोन बादल्या.

राहिलेलं : दारांची यादी आजच रात्री दुरुस्त. जाळीशेजारच्या लादीची पातळी मोठ्या अक्षरात नकाशावर. लिफ्टची बटणं ब्रेलची आणि मजला बोलून सांगणारी हवीत, दर मागवायचे. ब्लॉकच्या भिंतीवर आतून खूण करायची, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्या गवंड्याला कुठली भिंत काढायची ते कळेल. रंगाच्या खाली गेली तर उपयोग नाही. वेगळ्या रंगाची एक लादी बसवता येईल का, काकांना विचारायचं.